साक्षीदार म्हणून माझी सही

३ मार्च, सोमवार
काउंटरवरचे स्टूल उचलले आज. तिन्ही. नवीन सुपरवायझर नितीन सर नागपूरवरून येऊन आठ दिवस नाही झाले. म्हणे, "बसलेला कॅशियर ग्राहकाला आळशी दिसतो." सकाळी आठ ते दुपारी चार, उभं.
मंदाताई माझ्या बाजूच्या काउंटरवर. एक्कावन्न वर्षांच्या. दुकान उघडलं तेव्हापासून आहेत, मले बिल कराले त्यायनंच शिकवलं. पाय सुजतात त्यायचे, चपलेचा पट्टा रुतते. त्या म्हणाल्या, "सर, माह्या पायाचं काही पाहा जी." सरनं मोबाईलमधून डोळे वर नाही केले. "नियम सगळ्यांना सारखा."
पोटऱ्या ठणकून राह्यल्या. बस आज इतकंच.

७ मार्च, शुक्रवार
अजून एक नियम. चार वाजता आधी हजेरीचा पंच मारायचा, मग आवरायचं. गल्ला जमा करणं, काउंटर पुसणं, लोकायनं ऐन वेळी नको म्हणून सोडलेला माल रॅकवर नेऊन लावणं, सगळं पंचानंतर. म्हणजे कागदावर मी चारले सुटलेली, अन् खरं पाह्यलं तं साबणाच्या रॅकपुढं उकिडवी बसलेली. जाताना गेटवर पर्स उघडून दाखवायची. आज डब्बाही उघडाले लावला. मेथीचा वास सुटला. मागं ग्राहक उभे.
मी विचारलं, "सर, आधी आवरून मग पंच मारला तर?"
"मॅडम, तुम्हाला नोकरीचा कंटाळा आलाय का?"
आवाज चढवत नाही हा माणूस. चढवला असता तं बरं झालं असतं.

११ मार्च, मंगळवार
आमच्या गावाकडची ४.२०ची मुकुटबन गाडी हुकली. दुसरी सहाले. फाट्यावरून चालत घरी पोचली तं दिवस बुडालता. आईनं गॅसवर भात ठेवलता. तिले संध्याकाळचं दिसत नाही. झाकण काढताना वाफ बसली, पंजापासून मनगटापर्यंत. वरून टूथपेस्ट लावून बसलती. मी ती धुतली. आई रडली नाही. "तू येऊन राह्यली का नाई, समजेच ना," एवढं म्हणे.
घरात आम्ही दोघीच. कोणाले सांगू, पाच वाजता जाऊन पाहा म्हणून?

१३ मार्च, गुरुवार
काल माझी हप्त्याची सुट्टी होती, आईले दवाखान्यात नेलं. आज सरले हाताचं सांगितलं. ऐकून घेतलं त्यायनं. म्हणाले, "उद्यापासून तुम्ही पावणेचारला गल्ला द्या आणि चारला निघा. तुमचं आवरणं मंदाताई करतील."
मंदाताईले त्यायनं विचारलं नाही. मीही नाही विचारलं. त्याच मले म्हणाल्या, "जाय माय तू. आईले पाह्य."
गाडीत खिडकीची जागा भेटली. बरं वाटलं. लाज वाटाले पाह्यजे होती, पण बरंच वाटलं.

२२ मार्च, शनिवार
दुपारी दोनची गर्दी. मंदाताई तेलाच्या खोक्यावर टेकल्या. रांगेत चार माणसं. हात चालूच होते, एक वस्तू थांबली नाही. नितीन सर आले अन् सगळ्यायसमोर, "झोप येत असेल तर घरी जा."
मंदाताई उठल्या. "झोपली नाही जी. बसून काम करून राह्यली." बस. याच्या वर एक शब्द नाही. समोरचं बिल पूर्ण केलं, पाणी प्याले गेल्या, दोन मिनिटात आल्या.
पावणेचारले गल्ला द्याले गेली तं सरनं टाइप केलेला कागद पुढं केला. "दुपारी झालं ते लिहिलंय. तुम्ही शेजारच्या काउंटरला होता, साक्षीदार म्हणून सही करा."
गाडीची घाई होती. न वाचता सही केली.

२४ मार्च, सोमवार
मंदाताईले गेटवरच पत्र दिलं. 'ग्राहकास अर्वाच्य भाषा, काउंटर सोडून जाणे.' खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं, बिनपगारी. वॉचमन सांगत होता, त्या त्याले म्हणाल्या, "मले अंदर जाऊन पाण्याची बाटली तं घेऊ दे." नाही घेऊ दिली.
त्यायचं काउंटर बंद. रांग माझ्यापुढं दुप्पट.

२९ मार्च, शनिवार
पाडव्याची खरेदी. दिवसभर गाठ्या अन् श्रीखंडाचे डब्बे. चौदा एप्रिलच्या सुट्टीचा अर्ज मी अन् तिसऱ्या काउंटरची सविता, दोघींनी दिलता. आज उत्तर आलं. माझी मंजूर, तिची नामंजूर.
सविता पिशव्या मोजत होती. वर न पाहता म्हणाली, "तुले तं भेटनच."
मी पुढच्या ग्राहकाचं श्रीखंड स्कॅन केलं.

२ एप्रिल, बुधवार
केळापूरले गेली, मंदाताईच्या घरी. पाय पाटावर ठेवून लसूण सोलून राह्यल्या होत्या. खानावळीचा लसूण, किलोवर पैसे भेटतात. बोटाले चिरा पडल्यात. मले पाहून बसाले चटई टाकली.
चहा झाल्यावर विचारलं त्यायनं. "कागद वाचला होता का तू?"
"नाही जी. गाडीची घाई होती."
मान हलवली. "तेच म्हटलं म्या. वाचला असता तं ही पोरगी सही करत नाही."
निघताना झाडाचे लिंबं दिले पिशवीभर. नाही म्हणता आलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार
लिहून टाकते एकदा. इथं तं कोणी वाचत नाही.
वाचला होता. सगळा. दहा-अकरा ओळी. 'अर्वाच्य' शब्द दोनदा वाचला, म्हणजे काय ते आठवाले. आठवलं. मग सही केली. गाडीले पस्तीस मिनिटं होते अजून. स्टँड पाच मिनिटावर आहे.
वर २२ तारखेले काय लिहिलं ते खोडत नाही. तसंच राहू दे.

५ एप्रिल, शनिवार
आईले सांगितलं. भाजलेल्या हातावर फुंकर घालत ऐकत होती.
"मग आता?"
"खरं सांगितलं तं नोकरी जाईन."
"जाईन." फुंकर थांबवून म्हणे, "अन् नाई सांगितलं तं तुले त्या दुकानात उभं राहता येईन का?"
राहता येते. तेरा दिवस उभीच आहे. हे तिले नाही सांगितलं.

८ एप्रिल, मंगळवार
नागपूरच्या मोठ्या ऑफिसले पत्र टाकलं, रजिस्टर्ड. चार वेळा लिहिलं, तीन फाडले. पहिल्या तिन्हीत 'न वाचता' होतं. चौथ्यात लिहिलं: मी वाचून सही केली. कागदावरचं खोटं आहे. मंदाताईंनी कोणाला शिवी दिली नाही.
पोस्टातली बाई म्हणे, "पिनकोड लिहा." मले माहीत नव्हता, तिनंच लिहिला.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. पांढरी साडी नेसून आईले विहारात नेलं, वंदनेले बसली. सगळे विचारत, "सुट्टी कशी भेटली वं तुले?" भेटली म्हटलं.
सविता आज कामावर असंन. तिघींचं तिनं एकटीनं आवरलं असंन.

१७ एप्रिल, गुरुवार
सरले पत्राचं समजलं. पंचानंतर सगळा सोडलेला माल माझ्यापुढं. तीन ट्रॉल्या. सवलत बंद. पर्सचं अस्तरही उलटं करून पाह्यलं.
जाताना जवळ येऊन बोलले, हळू आवाजात. "मॅडम, मी तुमच्या आईचा विचार केला होता."
खरं आहे ते. केला होता. म्हणूनच तं कागद माझ्यापुढं ठेवला त्यायनं, सविताच्या पुढं नाही.
घरी साडेसात झाले. आईनं भात ठेवला नव्हता. वाट पाहत पायरीवर बसलती.

२२ एप्रिल, मंगळवार
नागपूरचे साहेब आले. ऑफिसात मले बोलावलं. नितीन सर कोपऱ्यात उभे.
"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता?"
"तेव्हा."
"कशासाठी?"
आईच्या भाजलेल्या हाताचं तोंडावर आलतं. नाही सांगितलं. "लवकर घरी जाता यावं म्हणून," म्हटलं. साहेब लिहीत राह्यले.
"बाहेर थांबा. मंदाबाईंनाही बोलावलंय, आता त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवतो."
मले वाटलं होतं, पत्र नागपूरच्या ऑफिसातच राहीन. लसूण सोलत होत्या तेव्हाच वाचून सही केल्याचं सांगाले पाह्यजे होतं. आपल्या तोंडानं.
दारात समोरासमोर आलो. त्यायनं धुतलेलं पातळ नेसलं होतं, केसाले तेल. मले पाहून हसल्या. "आलीस माय तू, बरं केलं," म्हणाल्या. अन् आत गेल्या. दार लागलं.
मले काउंटरवरून हाक आली, गर्दी होती. बिलं करत राह्यली. एकदा एका बाईच्या साखरेचं दोनदा बिल केलं, ते रद्द केलं. दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा हातात स्कॅनर होता. वर पाह्यलं तं मंदाताई रॅकांच्या मागून मोठ्या दाराकडं निघून गेल्या होत्या. काउंटरकडून नाही गेल्या. पाठच दिसली.
कामावर घेतलं का नाही, कोणी सांगितलं नाही. मलेही उद्या ये म्हटलं नाही, नको येऊ म्हटलं नाही.