डावा हात

गुरुवार, ७ मार्च

प्रिय वॉट,

घरी सगळं ठीक. एल्सीचा खोकला गेला. शनिवारी तू स्कॉटलंडकडून रग्बी खेळणार म्हणून तुझ्या आईने गिरणीतल्या बायकांना सांगून सांगून बेजार केलंय, जणू तू पहिल्यांदाच खेळतोयस. आपलं अर्धं हॉइक गाव सामन्याला एडिनबराला येतंय.

एल्सीने विचारलं, बाबा मला डाव्या हाताने का उचलत नाहीत? म्हटलं, दमलेत.

पुरे आता. जेडबराच्या सामन्यात स्क्रममध्ये एकमेकांना भिडलेली सगळी माणसं कोसळली, तू मानेवर पडलास, तेव्हापासून तो हात तुझा राहिलेला नाही. कप सुटला की म्हणतोस, कान गुळगुळीत आहे. घरातल्या सगळ्याच कपांचे कान कसे रे गुळगुळीत झाले? शर्टाची बटणं दाराआड लावतोस. मी काय आंधळी आहे?

संघाच्या डॉक्टरला सांगितलंस तर तुझ्या जागी राखीव टॅम हिसलॉप खेळेल, आणि टॅम पडला गॅलाशील्सचा, हॉइकच्या जुन्या वैऱ्यांच्या गावचा. हेच ना खरं दुखणं? क्लबातले म्हातारे म्हणतात, "गॅलाशील्सवाल्याला जर्सी देण्यापेक्षा मेलेलं बरं." त्यांचं काय जातंय! तू मेलास तर त्यांना बिअरबरोबर बोलायला विषय होईल. माझं काय?

स्क्रमच्या मधोमध तू असतोस. दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर, मानेवर समोरच्या आठ जणांचा रेटा. हात सुटला तर मान मोडेल. मला भीती वाटते, वॉट. फार भीती वाटते.

आता चिडशील. हे पत्र मी गॅलाशील्सला, टॅमच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. दारात हॉइकची बाई बघून त्याची आई म्हणाली, "वाट चुकलीस का गं?" पण लगेच चहा टाकला. टॅमला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, मी डॉक्टरांपाशी बोललो तर लोक म्हणतील, जर्सीसाठी चुगली केली. वॉटनेच सांगायला हवं. पत्र द्या, उद्या एडिनबराला संघाच्या हॉटेलवर पोचवतो."

म्हणजे आत्ता तो तुझ्यासमोर उभा असेल. बॅगेतली जर्सी काढ. डाव्या मुठीत धर आणि त्याला ओढायला सांग. हातात राहिली तर खेळ, मी टाळ्या वाजवीन. सुटली तर सोड, आणि डॉक्टरला हाक मार.

दोन हातांचा नवरा घरी मागणारी,
तुझी नेटा