तांबड्या खडूचे डोळे

१८ ऑगस्ट

आलो एकदाचे नायमेखनला! न्यूनेनचं घर सोडताना रुचिरने बरीच कुरकुर केली. आता त्याला आइंडहोवनच्या ऑफिसात रोज ट्रेनने जावं लागणार. पण जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या बायकोला अशी नोकरी काय रोज मिळते? वर आम्हाला राहायला तीन खोल्या, खाली मालकीणबाईंचा चित्रसंग्रह आणि माझं टेबल. नऊ वर्षांची आमची वल्लरी मालकीणबाईंच्या मांजरावर लट्टू आहे. तिला मराठी समजतं, पण बोलते डच, आणि मराठी वाचायच्या नावाने आनंद. त्यामुळे ही रोजनिशी कुठेही उघडी टाकली तरी चालते.

२० ऑगस्ट

पहिलं काम मेडूसाचं. केसांच्या जागी साप असलेली ग्रीक पुराणातली ती बाई, जिच्या नजरेला नजर भिडली की दगड होतो. सतराव्या शतकातल्या कुणा शिल्पकाराने पुतळा घडवण्याआधी तांबड्या खडूने काढलेलं चित्र. एकेक साप असा वळलाय की बोट लावावंसं वाटतं. डोळे मात्र कोरे. मालकीणबाई आर्नहेमला बहिणीकडे जाताना दोनदा बजावून गेल्या, की डाग काढ, फाटलेलं सांध, डोळ्यांना हात लावू नकोस.

२१ ऑगस्ट

पेणला बाबांच्या कारखान्यात आज गणपतींच्या आखणीची धांदल असेल. डोळे रेखायचं काम बाबा फक्त मला द्यायचे. ते कोरे डोळे बघून सकाळपासून हात शिवशिवत होता. शेवटी श्वास रोखून दोन बुबुळं रेखलीच. नजर जरा तिरकी, खिडकीकडे. पुसता येतील म्हणा. मालकीणबाईंना कळलं तर माझी धडगत नाही, पण चेहरा काय जिवंत झालाय!

२२ ऑगस्ट, सकाळ

मांजर खिडकीत बसलं आहे. हाक मारली, हललं नाही. उचलायला गेले तर उचलेना. गार, टणक. दगड आहे. मला भीती वाटतेय, फार भीती वाटतेय. रुचिरला फोन केला तर तो हसला, झोप काढ म्हणाला.

दुपार

चित्र पालथं ठेवलं. चहा करून आले तर सुलटं. मी बाजूनेच पाहिलं — बुबुळं आता खिडकीकडे नाहीत. दाराकडे आहेत. त्याच दारातून वल्लरी शाळेतून येते आणि थेट मांजराकडे धावते. त्याआधी पुसायलाच हवं. पण न बघता पुसू कशी —

डोळे मिटून खोडरबर फिरवलं. कागद ऊन होता. बोटाखाली पापणी हलली. दचकून डोळे उघडले — क्षणभरच —

उजवा हात दगड. डाव्याने लिहितेय. पाय उचलत नाहीत. फोन वर राहिला. ओरडायचंय, आवाज फुटत नाही —

सायकलची घंटा. ते दार उघडंच आहे.

वल्लू, चित्राकडे बघू नकोस. डोळे मिट आणि बाहेर पळ —

अगं बाई, मराठीत काय लिहितेय मी! तिला वाचता — डचमध्ये —