सहाणेवरची डिश

करंजकोंड, ता. पोलादपूर
२१ मे २००६

प्रिय उबेद,

सप्रेम सलाम. तुझ्या आई हफिजाबींच्या गुडघ्यांना आराम पडला का? इकडे आमच्या सौ. ललिताची तब्येत बरी आहे. फणस यंदा भरपूर.

तू महाडचा, मी या डोंगरातला, पण गाऱ्हाणं आपलं एकच: चूक वरच्याची असते आणि पोट खालच्याचं मारलं जातं. वर्गात मी तुम्हाला हेच शिकवलं, सभांतून हेच गरजलो. फोनच्या कंत्राटदाराने तुला कामावरून काढल्याचं कळलं, तेव्हा हेच वाक्य मला बोचलं. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी दुसरं सांगतो.

शाळेच्या मागे, वरच्या उतारावर भेग पडली आहे. एप्रिलात वाडीतल्या जानूने तिच्यात काठी घातली तर हातभर गेली. काल अख्खी काठी आत गेली आणि टोकाला काही लागलं नाही. विहिरीचं पाणी मातकट येतं. खाली एकतीस घरं आहेत. गेल्या जुलैत आपल्या दोन्ही तालुक्यांत डोंगर कसे उतरले, ते तू डोळ्यांनी पाहिलंस.

मंगळवारी तालुक्याचे साहेब भेग बघून गेले. म्हणाले, "गुरुजी, जोराचा पाऊस येणार असला की शाळेतल्या फोनवर इशारा देऊ. मिळाला की तासाभरात वाडी रिकामी करा. लाइन चालू आहे ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "आहे."

लाइन शिमग्यापासून बंद आहे, उबेद. अख्ख्या वाडीलाही ते ठाऊक आहे. तेव्हापासून घाटावर ढग दिसला तरी मी उठून भेगेकडे जातो. ललिता म्हणाली, "सभेत बोलता तसं त्या भेगेला बोला. थांबते का बघू!"

आता लाइन कशी बंद पडली ते लिहितो.

देवळासमोरच्या सहाणेच्या चौथऱ्यावर शिमग्यात पालखी बसते. शाळेच्या फोनच्या डिशचा खांब तू तिथेच उभा केलास, कारण पोलादपूरचा टॉवर फक्त तिथूनच समोरासमोर दिसतो. पालखीच्या दिवशी गोमाजी गुरव अडून बसला. "देवीकडं पाठ करून उभी हाय ती. फिरवा, नायतर पालखी बसायची नाय!" तू बजावलं होतंस, "सर, बोटभर हलली तरी लाइन जाईल." ते मला पाठ होतं. पण ढोल थांबलेले, समोर एवढी माणसं, आणि मी बोलायला उभा राहिलो. म्हणालो, लहरी वाऱ्यासारख्या चारी दिशांना जातात, देवीचा मान राखल्याने काही अडत नाही. टाळ्या पडल्या. पाना घेऊन नट मीच सैल केले. पालखी उठल्यावर अंदाजाने डिश पुन्हा फिरवली. फोनच्या यंत्रावरचा लाल दिवा काही हिरवा झाला नाही.

मग तू सिग्नल मोजायचं मीटर घेऊन आलास. घासलेले नट बघून एवढंच विचारलंस, "सर, हात कोणी लावला?"

एका शब्दाचं उत्तर होतं. मी भाषण केलं. ही कंत्राटदाराची माणसं काम अर्धवट करतात आणि खापर गरिबांवर फोडतात, असं गरजलो. पोरं पेटली. खांबाला हातही लावू न देता त्यांनी तुला फाट्यापर्यंत हुसकावत नेलं. एक जण ओरडला, "मीटर घेऊन परत आलास तर बघ!" तू वळून म्हणालास, "सर, तुम्ही तरी..." मी खाली बघत राहिलो.

बंद लाइनचं खापर तुझ्यावर फोडणारा कंत्राटदार आता म्हणतो, हात कोणी लावला ते लेखी द्या, मग पंधरा दिवसांत माणूस पाठवतो. माझ्या सहीचा कबुलीचा कागद सोबत आहे. त्याच्या प्रती उद्या मी स्वतः कंत्राटदाराला आणि तहसिलीत नेऊन देतो. तुझं काम परत मिळेपर्यंत मी कंत्राटदाराच्या दारी खेटे घालणार. पण भेग पंधरा दिवस थांबेल असं मला वाटत नाही, आणि त्या डिशचा नेमका कोन तुझ्याच वहीत आहे.

गुरुवारी मी सहाणेवर वाडी बोलावली आहे. तिथे हे सगळं तोंडाने सांगणार आहे. पोरं मला काय करतील ते करोत, तुझ्या वाटेला कोणी जाणार नाही.

माझ्यासाठी येऊ नकोस, उबेद. त्या एकतीस घरांसाठी ये. गुरुवारी, सकाळच्या पहिल्या एसटीने. खांबावर चढ आणि डिश टॉवरकडे लाव.

भ्यालेला, तुझा अपराधी
मालोजी सर