लाल टोकाची सळी

१४ मार्च, गुरुवार, दुपार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, नव्या खोलीत रुळली असशील आणि वेळेवर जेवत नसशील, हे मी धरूनच चालते. इकडे सगळं ठीक. अक्षर पाहून हसू नकोस. पेन नवीन आहे आणि भारी चावट आहे, हातात ठरत नाही.

तुझं कार्ड पोचलं. ‘नमस्कार’ लिहून तू स्वल्पविराम दिलास आणि पुढे थेट ‘मी ठीक आहे’. मधे आई नाही, काकू नाही, काही म्हणजे काही नाही. मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. असो.

कामाचं सांगते. कोपऱ्यावरचा पाववाला आला होता. त्याच्या पीठ मळायच्या यंत्राची पिन तुटली. म्हणतो कसा, “ताई, तुमच्या त्या पोरीकडून करून घ्या, तिचं काम टिकतं.” ऐकलंस? कारखान्यात लेथवर अख्खा जन्म मी काढला, सळी धरणारा चक कसा आवळायचा हे तुला मी शिकवलं, आणि हा मेला माझ्याच दारात उभा राहून तुझं कौतुक करतो! मी म्हटलं, “पोरगी परगावी गेलीय. मीच करते.”

करते म्हटलं खरं, पण वर्कशॉपात मांडणीपाशी गेले आणि अडले. स्टेनलेसच्या तीन सळ्या, तिन्ही सारख्याच चकचकीत. तुझी पद्धत होती ना, ३०४ जातीच्या सळीच्या टोकाला लाल नेलपॉलिश, ३१६ला निळं, ३०३ कोरी, आणि कापायचं ते कायम बिनरंगाच्या टोकाकडून. निळं नेलपॉलिश बाई लावतं तरी कोण, म्हणून मी तेव्हा पोट धरून हसले होते. तू गेलीस तशा बाटल्याही गेल्या. तुझ्याच होत्या, त्याचा राग नाही. पण त्यानंतर आणलेल्या सळ्या तशाच कोऱ्या राहिल्या. मला काय, लक्षात राहील की! कुठलं राहायला. चुंबक लावून पाहिला, तर तिघींपैकी एकीलाही चिकटेना. चिकटणार कसा, तिन्ही एकाच घरातल्या.

पिठात मीठ असतं, तेव्हा पिन न गंजणाऱ्या ३०४चीच हवी, एवढं मला अजून कळतं. पण बऱ्याच दिवसांनी आपल्या लेथ मशीनवरचं कापड काढत होते. म्हटलं, हात बसायला आधी एक नमुना ३०३मधे करू, कापायला ती गरीब गाय आहे. डावीकडची सळी ३०३ असं मनाशी ठरवलं आणि चढवली.

पहिल्या कटालाच कळायला हवं होतं. ३०३चा कसा बारीक कीस खाली पडतो. ही तर लांबच लांब तार सोडत सुटली, चमचम करत, चकाभोवती गुंडाळत. म्हणजे ३०४. तू असतीस तर स्वयंपाकघरातून ओरडली असतीस, “आई, आवाज बदलला!” तुझे कान म्हणजे माझ्या मशीनचं अर्धं सामान होतं.

आणि ३०४ला मधे घुटमळलेलं खपत नाही, तुला ठाऊक आहे. कापायचं टूल नुसतं घासत राहिलं की वरचं कातडं कडक होतं, मग पुढचा कट चावतच नाही, नुसता किंचाळतो. म्हणून मी मशीन थांबवलं नाही. तार तेवढी बाजूला करावी म्हणून...

पिन काही झाली नाही. पाववाला सध्या हातानेच पीठ मळतोय.

बरं, सांगतेच. पेन बिचारं चांगलं आहे. मी डाव्या हाताने लिहितेय.

तारेने उजवा तळवा चिरला. घाबरू नकोस. टाके पडलेत, बोटं हलतात. पकड पहिल्यासारखी येईल का विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू. त्यांचं ते ‘बघू’ काही मला आवडलं नाही. आणि हो, चालत्या चकापाशी हात नेला म्हणून मी तुला एकदा दिवसभर बोल लावले होते, तेही आठवतंय मला. आता तू लाव. ऐकून घेईन.

माझा लेक कामावरून आला तो रक्त पाहून पांढराफटक पडला. तेव्हापासून माझी वेणी घालतो, अगदी वाईट घालतो. मनाचा वाईट नाही तो. तुमचं दोघांचं जमलं नाही, त्यात मी न्याय करायला बसणार नाही. पण म्हणाला, आता हे मशीन घरात नको. येत्या नाही, पुढच्या रविवारी एक गृहस्थ ते न्यायला येणार आहेत. मी म्हटलं, मशीन माझं एकटीचं नाही, तिला विचारल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

तो हळूच म्हणाला, “आई, ती आता आपली कोण?”

उत्तर होतं गं. पण तुला न विचारता मी ते कसं देऊ?

कागदोपत्री तू माझी सून राहिली नाहीस, मान्य. पण मी काही कागद पाहून तुला जीव लावला नव्हता. करमत नाही. घरात आवाज म्हणून राहिला नाही. पाववाल्याची पिन हे निमित्त. तुझ्यावाचून एकटीला जमतंय का, तेच मला बघायचं होतं. नाही जमलं.

पाकिटात किल्ली ठेवलीय. वर्कशॉपच्या मागच्या दाराची, बोळात उघडतं ते. घरातून यायला नको, कोणाच्या समोरून जायला नको. मी तुला लिहिणार आहे, हे काल रात्री लेकाला सांगितलं. सकाळी उठून पाहते तर त्या दाराला टेकलेली जुनी सायकल, खोकी, सगळं हलवलेलं आणि कुलपात तेल घातलेलं.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी ये. आलीस तर त्या गृहस्थांना चहा पाजून परत पाठवू. मग मधूनमधून येत जा, तुझ्या सवडीने. मी स्टुलावर बसेन आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही. (थाप आहे, पण तू ये.) नाही आलीस तर मशीन जाईल. एका हाताने ते मला पेलायचं नाही. तरी तुझ्यावर राग धरणार नाही, शप्पथ. किल्ली मात्र परत पाठवू नकोस, ठेव तुझ्याजवळ.

येताना लाल बाटली आण. सळ्या अजून कोऱ्याच आहेत.

डावा हात दुखला, पुरे करते. नमस्कारापुढची ती जागा तू रिकामी ठेवलीस, तिथे काय लिहायचं ते तुझं तू ठरव. माझ्यापुरतं मी ठरवलंय. खालचा शब्द आठवडाभर पाटीवर गिरवत होते, म्हणून तेवढा एक बाकीच्या पत्राहून बरा आला असेल.

तुझी,
आई