तीन नंबरच्या टेबलावरचा केरबा

३ मार्च १९७४
नंदिनी कोल्हापुरात परत आली. आता डॉक्टर नंदिनी, सर्जन. मेडिकलच्या पहिल्या वर्षी आम्ही डिसेक्शनच्या एकाच टेबलावर होतो. मी कॉलेज सोडलं, कारण डेमॉन्स्ट्रेटर उद्धट बोलला आणि मी तत्त्वाचा माणूस. दुसरं काही कारण नाही. एवढ्या वर्षांत तिनं लग्न केलेलं नाही. का, ते मला कळतं.
संकल्प : रोज दाढी. रागावर ताबा.

४ मार्च
सलूनवाल्याशी भांडण. नंदिनीला तो 'कापाकापीवाली बाई' म्हणाला. अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर पडलो. समोरच्या कट्ट्यावर केरबा. माझ्याकडं बघून स्वतःच्या गालावरून हात फिरवला.
केरबा म्हणजे आमच्या तीन नंबरच्या टेबलावरचं प्रेत. बेवारस होतं. दंडावर नाव गोंदलेलं, म्हणून कळलं. नंदिनीनं त्याला पहिला छेद दिला तेव्हा त्याचा हात मी धरला होता. तेव्हापासून दिसतो. भर दुपारी. पित्तामुळं होतं तसं. चहा बंद.

९ मार्च
बातमी काढली. नंदिनी नुसतं हॉस्पिटल चालवत नाही. उद्यमनगरात शेड घेऊन मेंढ्यांच्या आतड्यांपासून टाक्यांचा दोरा करते. परदेशी दोरा वेळेवर येत नाही आणि पेशंट ताटकळतो, म्हणून. कुठला दोरा जखमेत किती टिकतो यावर संशोधनही चाललंय, दिल्लीला पेपर वाचणार आहे. शेडमध्ये सगळ्या बायकाच. एकटीला एवढं कसं झेपायचं? मॅनेजर लागणारच. कोण, ते ठरल्यात जमा आहे.
आक्कानं मटण केलेलं. पहिल्याच घासाला डिसेक्शन हॉलचा वास. ताट सारलं. आक्का म्हणाली, थोरल्या बहिणीच्या हातचं आवडंना झालं व्हय. तिच्यावर खेकसलो. चहा सुरू केला, त्याशिवाय डोकं चालत नाही.

१२ मार्च
शेडवर गेलो. नंदिनी ऑपरेशनला. मुलाखत घेतली खतिजाबी आणि विठाबाईनं. इथं माणूस ठेवायचं बायका ठरवतात, डॉक्टरीण मध्ये पडत नाही. खतिजाबी मुख्य. मी डॉक्टरांच्या वर्गात होतो असं सांगितलं.
"मग मधनंच का सोडलासा, पावणं?"
तत्त्व सांगितलं. दोघी एकमेकींकडं बघत बसल्या.
शेडचा नियम : कुणीही येऊ दे, पहिल्या दिवशी एक आतडं धुवायचं. नंदिनीनंही धुतलंय. मी म्हटलं, एक काय, दहा धुतो.

१३ मार्च, दुपार
धुतलं नाही. टबात हात घातला. गार, मऊ, निसटतं. विठाबाई म्हणाली, नीट धरा की. नंदिनीही तेव्हा, त्या टेबलावर, हेच म्हणाली होती. टबापलीकडं केरबा उभा होता. हात पुढं केलेला, मी धरावा म्हणून.
चक्कर आली नाही. फरशी ओली होती. पडताना टबाच्या पत्र्यानं तळहात फाटला.

संध्याकाळ
नंदिनीनं माझा हात हातात घेतला. शेवटी. (मनगट खतिजाबीनं दाबून धरलेलं.) टाक्यांना शेडचाच दोरा. भाषण तयार होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. केरबा दिसतो म्हणालो. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.
ती हसली नाही. गाठ मारली. मग म्हणाली, "माझ्याकडंही येतो. तू गेलास तेव्हा त्याचा हात टेबलावरून खाली लोंबत राहिला होता. मीच उचलून ठेवला. पुढं पुढं त्याला म्हटलं, आलाच आहेस तर दिवा धर. आता ऑपरेशनला डोक्याशी उभा असतो."
टाके काढायला कधी येऊ, विचारलं. म्हणाली, काढायचे नसतात, आपोआप विरतात. "यायचं तर कामाला ये. तुझं एक आतडं राहिलंय."
खतिजाबी म्हणाली, येत न्हाय त्यो.

१४ मार्च
दोन जीव, एकच केरबा. याला प्रेम नाही तर काय म्हणायचं? सोमवारी जातो. आतडं धुतो आणि मागणी घालतो.

१८ मार्च
सोमवार. ऊन फार.

२३ मार्च
शेडच्या दारापर्यंत गेलो. आत सगळ्या टबाभोवती बसलेल्या, नंदिनीही. कशावर तरी हसत होत्या. नेमका एक सायकलवाला घासून गेला. त्याच्याशी वाद झाला, मूड गेला. परत आलो.

२ एप्रिल
तळहात बरा. दोरा विरला. खूण शोधावी लागते.
केरबा बरेच दिवस दिसला नाही. चहा वाढवून बघितला. काल रिकाम्या पोटी तीन कप घेतले, नुसती जळजळ. आज दुपारभर घरासमोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो, शेजारी जागा ठेवून. आक्का दारातून विचारत होती, कुणाची वाट बघतोस. म्हटलं, दोस्ताची.
नाही आला. त्यालाही तिकडंच कामावर कायम केलेलं दिसतंय.