केशवरावांच्या मांडवाची जाहिरात

अकोला, ९ जानेवारी २०१८

ती. ताईस किशोरचा सा. न. वि. वि.

तुझ्या सेमाडोहात मोबाइलला रेंज नाही, म्हणून कागदावर लिहून राहिलो. अक्षराला हसू नको. कॉलेज सोडल्यापासून पेन धरलाच नाही.

दर्यापूरच्या आरतीचं तुला ठाऊक आहे. ती बी. ए. झाली, मी मधूनच निघालो. तिच्या बाबांचं, केशवरावांचं, बिछायत केंद्र आहे: मांडव, खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज भाड्यानं देतात. अवंदा बोंडअळीनं कपाशी खाल्ली, गावोगावची लग्नं पुढं गेली, मांडवाचं कापड गोदामात पडून आहे. आरतीनंच त्यांना सुचवलं, की किशोर अकोल्यात जुबेरभाईच्या फ्लेक्सच्या दुकानात असतो, फेसबुकवर पैसे भरून जाहिराती चढवतो, त्याले देऊन पाहा. मी छातीठोक सांगून आलो, की काका, सीझन भरून देतो.

तिच्या बाबांना आमच्याबद्दल काहीच माहीत नाही. काम जमलं तर आरतीसाठी त्यांच्यापुढं उभं राहायला तोंड राहील. नाही जमलं तर कॉलेज सोडलेला आन् वरून त्यांचा धंदाबी बुडवलेला, एवढीच माझी ओळख.

आन् जमून नाही राहिलं, ताई. एक जाहिरात केली, अख्ख्या महाराष्ट्राले, लहानथोर सगळ्यांले. लाइकचे अंगठे बख्खळ आले. कोल्हापूरच्या कोण्या पोरानं मांडव झकास म्हणून कळवलं. बुकिंग एकही नाही. जुबेरभाई म्हणाला, की मियाँ, तू जाहिरात नाही, पतंग उडवला. मी भडकून स्टूल लोटला आन् बाहेर गेलो. चहा पिऊन मुकाट परत आलो. घास गिळवत नाही. काहीतरी सांग.

तुझा लोभ आहेच, या खेपेला जरा जास्तीचा धाड.

किशोर


सेमाडोह, १५ जानेवारी

चि. किशोरास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भाऊजींनी आधी वाचलं. जंगलात वाघाच्या मागं फिरणारा माणूस, पण पत्र वाचून म्हणाले, की याच्यापेक्षा वाघ शांत.

अरे, माझ्या लग्नात आपल्या बाबांनी तुला आवतन द्यायला धाडलं होतं, आठवते का? दारोदार जायचा कंटाळा, म्हणून तू पारावर चढलास आणि एकदाच ओरडलास, की ताईचं लग्न आहे, या सगळे. दारात कुणी आलं नाही म्हणून भावकी रुसून बसली, आणि पंगतीत बसस्टँडवरचे लोक जेवून गेले. आता तेच केलंस बावा. फक्त पार मोठा घेतलास.

बाबांची रीत आठव. आधी कार्य कोणतं ते ठरायचं, साखरपुडा का लग्न. मग घरं वेगळी व्हायची. भावकीला चूलबंद आवतन, म्हणजे त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटायचीच नाही, लेकराबाळांसकट सगळे आपल्याकडं. बाकीच्यांना घरटी एक माणूस. आणि बोलणं तर प्रत्येक दारात वेगळं. तुझ्या त्या फेसबुकात घरं वेगळी करता येतात का? येत असतील तर कर.

आणि जेवत जा. तू उपाशी असलास की भांडतोस, हे त्या पोरीला अजून माहीत नसावं.

आशीर्वाद मागून घ्यायची वेळ तुझ्यावर यायची नाही.

तुझी ताई, माणिक


अकोला, ६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

येतात! घरं वेगळी करता येतात. सगळ्यात वर एकच कार्य लिहिलं: लोकांनी केंद्राला फोन करावा. अंगठे गेले उडत. त्याखाली तीन घरं पाडली, हरेकाला खर्च वेगळा बांधून दिला. एक, दर्यापूर-अंजनगावकडची पन्नाशीची मंडळी, ज्यांच्या घरी लेकरं लग्नाची आहेत. दुसरं, पुण्याला कामाला गेलेली इकडची पोरं. तिसरं, अकोल्याचे केटरिंगवाले. पन्नाशीवाल्यांना म्हटलं, पीक गेलं म्हणून लग्न काहून थांबवता, अंगणात मावेल एवढाच मांडव देतो. पुण्यावाल्यांना म्हटलं, तुम्ही फक्त गाडीत बसा, मांडव आम्ही उभा करतो. एका घराला दोन-दोन चित्रं लावली. जे चालेल त्याच्यावर खर्च आपोआप वळतो. बुकिंग येऊन राहिले, ताई!

पण चाललं ते चित्र आरतीचं. दुकानची पोरगी म्हणून तिच्या बाबांना विचारून तीच मांडवात उभी राहिली होती. सगळा खर्च तिकडं वळला आन् पोरांच्या आयांचे फोन सुरू झाले. शेतकऱ्याच्या पोराले आजकाल कोणी पोरगी देत नाही. त्या आधी मांडवाचं विचारतात आन् मग हळूच म्हणतात, की ती लाल साडीतली कोणाची हो? मी चित्र काढून टाकलं, पण व्हायचं ते झालं होतं. काल केशवरावांनी मले दर्यापूरला बोलावलं. चहा दिला, बिस्किटं दिली. म्हणाले, की किशोर, तुझ्या हाताले गुण आहे, आता आरतीच्या स्थळाची जाहिरात कर. अकोला-अमरावतीकडचा, पंचविशीच्या आतबाहेरचा, पदवीधर पाहिजे.

मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो?

आज ती जाहिरात भरायला बसलो. गाव टाकलं, मी आत होतो. वय टाकलं, तरी आत. पदवीधरवर खूण केली आन् मी बाहेर. जाहिरात मीच बांधली आन् ती कधी मलेच दिसणार नाही. बटण दाबायचं राहिलं आहे. दाबत नाही. उद्या जातो आन् मोबाइल त्यांच्यापुढं आपटतो, मग होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

लोभ ठेवशील का, हे आता उद्यानंतरच विचारतो.

किशोर


सेमाडोह, १० फेब्रुवारी

चि. किशोरास आशीर्वाद.

मोबाइल आपटू नको. पारावरून ओरडू नको. दारात जा, चपला काढ, पाणी पी, मग बोल. हे पोचेपर्यंत तू जाऊन आला असशील, त्याचीच धास्ती. भाऊजी परतवाड्याच्या बसकडं पाहत उभे असतात, तुझं काही आलं का म्हणून. काय झालं ते दोन ओळींत तरी कळव.

वाट पाहणारी, माणिक


दर्यापूर, १३ फेब्रुवारी

ती. माणिकताईंस आरतीचा सा. न. वि. वि.

आपली भेट नाही, पण तुम्ही किशोरला दोन ओळी मागितल्या होत्या, त्या मी लिहिते आहे. तुमचं पत्र मिळायच्या आधीच तो येऊन गेला. मोबाइल आपटला नाही. आवाज मात्र गल्लीत गेला.

बाबा मांडवाची दोरी गुंडाळत होते. किशोर चपला घालूनच आत आला आणि म्हणाला, की काका, ही जाहिरात मी चढवत नाही, कारण यात मी येत नाही. बाबांनी विचारलं, की यात तुझा संबंध काय रे? आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कपबशा उचलायला आले होते, ती किशोरच्या शेजारी जाऊन उभी राहिले. वेगळं सांगायची गरज पडली नाही.

बाबांनी दोरीला गाठ मारली. मग त्यांनी विचारलं, की कॉलेज काहून सोडलं. किशोर म्हणाला, सरांशी भांडलो. बाबा म्हणाले, उद्या माझ्याशी भांडशील तर? तो म्हणाला, भांडीन, पण मांडव सोडून जाणार नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

बाबांनी चष्मा लावला, मोबाइल मागितला आणि पदवीची खूण कुठली ते विचारलं. ती काढ म्हणाले. किशोरनं काढली. आता तोही आत आला, आणि जाहिरात दिसणाऱ्या लोकांचा आकडा भसकन वाढला. बाबा म्हणाले, बाप्पा, एवढे! मग मोबाइल त्याच्या हातात परत देऊन म्हणाले, की आता बटण दाबू नको.

हो म्हणाले नाहीत अजून. पण पंचवीस तारखेला, रविवारी, तुम्हाला जेवायला बोलवायला सांगितलं आहे. मी विचारलं, की काय लिहू, घरटी एक माणूस?

बाबा म्हणाले, चूलबंद लिही.

तेव्हा त्या दिवशी सेमाडोहात चूल पेटवू नये, ही विनंती.

आपली,
आरती