माल सावलीत ठेवला होता काय?

सक्करदरा, नागपूर
१२ मे

ती. गोपाळराव मामांस,

धम्मानंदचा सविनय जयभीम. इकडे सरिता, मी आणि नवा कूलर तिघेही बरे आहोत (कूलर जरा खोकतो). अंजनामामींचे गुडघे कसे आहेत? उमरेडला ऊन कमी असेल असे सरिता म्हणते, म्हणून तिला नकाशा दाखवला. तुम्हाला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुम्ही "हो, जेवलो" म्हणून ठेवून दिलात, तेव्हा पत्र लिहिणे आले.

तुम्ही रिटायर झालात त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून आपल्या कंपनीची टांझानिया, तुर्कस्तान आणि व्हिएतनाम अशी तीन बिऱ्हाडे झाली आहेत. जिनिंग मशीनचे सुटे भाग चारही ठिकाणांहून परदेशी जातात आणि प्रत्येक ठिकाणी कस्टमचे घोषणापत्र निराळे. आता ठरले आहे की सगळ्यांचा एकच सोपा फॉर्म करायचा आणि तो एकाच टेबलावरून भरायचा. हे काम रामदासपेठेच्या मोठ्या ऑफिसातल्या भैरवी मॅडमकडे आहे. बाई फार गोड बोलतात आणि बोलता बोलता रकाने कापतात. ज्या प्रश्नाचे कारण सांगता येणार नाही तो प्रश्न बाद, हा त्यांचा नियम. एक्केचाळीसपैकी एकोणतीस प्रश्न पहिल्याच आठवड्यात गेले. (ट्रक ड्रायव्हरच्या वडिलांचे नाव विचारणारा गेला त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही.) उरले बारा. त्यातले अकरा सरकारला हवेत: कोणता माल, किती, कोणाचा, कुठे. बारावा तुमचा आहे: "माल सावलीत ठेवला होता काय?"

मामा, या प्रश्नाचा जगात काय मान आहे म्हणून सांगू! आपला जुना फॉर्म नमुना म्हणून सगळीकडे गेला, त्यासोबत हाही गेला. तुर्कस्तानातून भर बर्फात "होय" येते, सोबत सावलीचा फोटो. टांझानियावाले कोणत्या झाडाखाली ठेवला त्या झाडाचे नाव लिहितात. ढगाची सावली चालेल काय, असे व्हिएतनामने मागे विचारले होते. मी घाईत "तात्पुरती चालेल" असे कळवले, तर त्यांनी त्याचा नियमच केला. कोणीही हा प्रश्न सोडायला तयार नाही आणि तो कशासाठी आहे हे कोणालाही ठाऊक नाही.

मॅडमनी मला विचारले, लोखंडी चाके आणि रबरी रोलर पुढे महिनाभर समुद्रावर कंटेनरमध्ये तापत जाणार, मग नागपुरातल्या दोन तासांसाठी सावली का? मी म्हणालो, आमच्या मामांनी विचारले आहे. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवला. खरे सांगू? तुम्हाला रकान्यांची हौसच फार. माझ्या लग्नाच्या पंगतीत तुम्ही वाढप्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

पण गोची अशी की ते एक टेबल नागपुरात राहणार की तुर्कस्तानात जाणार, हे गुरुवारच्या मीटिंगमध्ये ठरायचे आहे. ज्यांना आपलाच प्रश्न कळत नाही त्यांच्या हाती चार देशांचे काम कसे द्यायचे, असे मॅडम गोडीने म्हणाल्या. टेबल गेले तर माझ्यासोबत फॉर्म भरणाऱ्या वंदनाबाई आणि मी घरी. पन्नाशीत दुसरीकडे कोण घेते? मला भीती वाटते, मामा.

मामींना जयभीम.

तुमचा भाचा,
धम्मानंद

ता. क. या प्रश्नाचे कारण कागदावर लिहून, सही करून, जुनी तारीख टाकून ताबडतोब पाठवावे. त्यात रबर हा शब्द दोनतीनदा यावा. कारण नसल्यास तयार करावे.

ता. क. २. पाकीट चिकटवले होते, ते पुन्हा फोडले. आपले जुने हमाल चंपतराव गेटवर भेटले. त्यांना सहज विचारले, तर ते म्हणाले, "अरे, तो प्रश्न मालासाठी कुठं होता गा? पहिल्याच वर्षी तू पेट्या मोजता मोजता उन्हात घेरी येऊन पडला होता. तुह्या मामानं माणसायसाठी शेड मागतलं, त साहेब नाही म्हणे. मंग त्यानं फारमात मालाले सावली मागतली. आठ दिवसांत टीन चढले." मामा, सव्वीस वर्षे त्याच टिनाखाली बसून मी "होय" लिहीत आलो. तुम्ही दवाखान्यात कांदा घेऊन आला होतात तेवढे आठवते. शेड आधी नव्हते, हे पार विसरलो होतो. ऑफिसात बसून रडलो. वरचे पंगतीचे वाक्य खोडलेले समजावे.

ता. क. ३. पत्र खिशातच राहिले आणि गुरुवार होऊन गेला. मी जे खरे ते सांगितले. मॅडमनी पेन उचलला. मग म्हणाल्या, प्रश्न राहील, पण कस्टमच्या फॉर्मात नाही, कंपनीच्या आपल्याच कागदात, आणि नीट विचारला पाहिजे. आता तो असा आहे: "माल भरणारी माणसे सावलीत होती काय?" टेबल नागपुरातच राहिले. तुर्कस्तानाने "होय" पाठवले, फोटोसकट. टांझानियाचे उत्तर आज आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी लिहिले आहे, "नाही. झाड मालाला दिले होते. छप्पर घालतो आहोत."

सही आता नको. तुम्हीच या. येताना डोक्याला दुपट्टा बांधा, ऊन फार आहे.